जत्रेचा हंगाम आणि दुकानाचे बारा महिने

तुळजापुरात बारा महिने गर्दी असते, म्हणून तिथल्या दुकानदारालाही बारा महिने कमाई असते, असा बाहेरगावच्या लोकांचा समज आहे. आमच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील व्यापारी मात्र जाणतो की, इथला गल्ला वर्षातून चार-पाच वेळाच खऱ्या अर्थाने भरतो. मधल्या दिवसांत दुकान उघडायचे, धूळ झटकायची, दोन-चार गिऱ्हाइके करायची आणि रात्री कुलूप लावायचे, असेच चालते. पर्यटनाच्या धंद्यातील या चढउताराला हंगामीपणा म्हणतात. तो गोव्याला आहे, महाबळेश्वरला आहे, काश्मीरला आहे. पण तिथला हंगाम हवेवर चालतो, आपल्याकडचा पंचांगावर चालतो. त्यामुळे तो ओळखण्याची आणि सांभाळण्याची रीतही वेगळी आहे.

आम्ही कापडाच्या धंद्यात आहोत. तुळजापूर, नळदुर्ग, येरमाळा येथे यात्रेत पाल टाकणाऱ्या लहान विक्रेत्यांना खण, साड्या, टॉवेल, चादरी असा माल देतो. या बाजारात आपल्या बांधवांची संख्या लहान नाही. बांगड्यांचे मणियार, हळदकुंकू विकणारे अत्तार, फळांचे बागवान, पानाचे तांबोळी, शिलाईचे कारागीर, जीप आणि रिक्षा चालविणारे, अशा किती तरी घरांची चूल यात्रेकरूंच्या पैशावर पेटते. देवस्थान एका समाजाचे आणि त्याच्या पायथ्याचा बाजार सर्वांचा, ही आपल्या मुलखाची जुनी रीत आहे. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आमच्या बाजारात 'भवानी' म्हणतात, मग दुकानदार कोणीही असो.

पण हाच वर्ग हंगामाच्या हिशेबात सर्वांत जास्त ठोकर खातो, असे आमचे पाहणे आहे. नवरात्रात नोटा मोजणारा माणूस आषाढात उसने मागताना दिसतो. त्याने उधळपट्टी केली असे दर वेळी नसते. बहुतेक वेळा हंगामाचा पैसा कोणाचा, हेच त्याने ओळखलेले नसते.

वर्षाचा नकाशा

तुळजापूरच्या बाजाराचे वर्ष भाद्रपदाच्या वद्य पक्षात सुरू होते असे समजावे. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत देवीची मंचकी निद्रा असते. त्याच सुमारास पितृपक्ष असल्याने लोक नवे कपडे, दागिने, वास्तू यांची खरेदी टाळतात. कापडवाल्यासाठी वर्षातील हा सर्वांत कोरडा आठवडा. आणि नेमका याच आठवड्यात सर्वांत जास्त माल भरावा लागतो, कारण अमावास्या संपली की घटस्थापना होऊन शारदीय नवरात्र उभे राहते. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की पुन्हा पाच दिवस निद्रा, आणि मग अश्विन पौर्णिमा, म्हणजे कोजागिरी. त्या वेळी सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लाखो माणसे पायी चालत येतात. त्यांच्यासाठी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील वाहतूक वळविली जाते.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीची गर्दी. मग पौष महिन्यात शाकंभरी नवरात्र, अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत. याच पौष पौर्णिमेला नळदुर्गजवळ मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. पुढे चैत्र पौर्णिमा. त्या वेळी तुळजापूरबरोबर कळंब तालुक्यातील येरमाळ्याला येडेश्वरीची मोठी यात्रा असते. चैत्राच्या वद्य पक्षात तेरला संत गोरा कुंभारांची यात्रा होते. मे महिन्यात शाळांना सुट्टी असल्याने पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि तुळजापूर अशी एकत्र फेरी करणारी कुटुंबे येतात. या मोठ्या लाटांच्या मध्ये मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि दर महिन्याची पौर्णिमा या लहान लाटा. उरलेले दिवस कोरडे.

हा नकाशा सर्वांना तोंडपाठ आहे. चूक होते ती पुढच्या पायरीला. दुकानदार म्हणतो, 'गेल्या वर्षी सप्टेंबरात अमुक विक्री झाली, म्हणून यंदाही तेवढा माल भरू.' इंग्रजी महिन्याची इंग्रजी महिन्याशी तुलना आपल्या बाजारात फसवी ठरते.

तीन पंचांगे, तीन हिशेब

आपल्या बाजारात एकाच वेळी तीन कालगणना चालतात. शाळेची सुट्टी, बँक, रविवार आणि मार्चअखेर ही इंग्रजी सनाप्रमाणे. नवरात्र, पौर्णिमा, दिवाळी ही तिथीप्रमाणे. उर्स, रमजान आणि दोन्ही ईद हिजरी सनाप्रमाणे. तिथीचे वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असते, पण सुमारे ३ वर्षांनी अधिक महिना घालून ते पुन्हा जागेवर आणले जाते. म्हणून नवरात्र सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुढे-मागे झुलत राहते, त्याबाहेर जात नाही. हिजरी सनात अधिक महिना नाही. तो दर वर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो.

आता घटस्थापनेच्या तारखा पाहा. २०२२ मध्ये २६ सप्टेंबर, २०२३ मध्ये १५ ऑक्टोबर, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २२ सप्टेंबर आणि २०२६ मध्ये ११ ऑक्टोबर. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ, म्हणून त्या दोन वर्षी तारीख एकदम पुढे गेली. वाचणाऱ्याला वाटेल, १५-२० दिवसांनी काय बिघडते? बरेच बिघडते. एक तर पाऊस. सप्टेंबर हा आपल्या भागात भर पावसाचा महिना आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो बहुधा निघून जातो. नवरात्र सप्टेंबरात आले की पालावर ताडपत्री, खाली चिखल, कापडाला ओल आणि अर्धे गिऱ्हाईक छत्रीखाली घाईत. दुसरे म्हणजे सोयाबीन. आपल्याकडे येणारा यात्रेकरू मोठ्या संख्येने शेतकरी आहे. जून-जुलैत पेरलेले सोयाबीन सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात काढणीला येते आणि मग आडतीवर पैसा दिसतो. नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यास आले तर यात्रेकरूच्या खिशात पीक आलेले असते. सप्टेंबरात आले तर पीक अजून रानात उभे आणि माणूस उसनवारी करून देवदर्शनाला आलेला असतो. दर्शन तो घेतोच, नारळ घेतोच. पण घरच्या माणसांसाठी साडी घ्यायची की नाही हे सोयाबीन ठरविते.

२०२५ साली हे दोन्ही एकदम घडले. नवरात्र लवकर आले आणि सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत अतिवृष्टीने जिल्हा झोडपून काढला. परांडा, भूम या तालुक्यांत पुराचे पाणी गावांत शिरले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, सीनेच्या पुराने शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील रस्तेही काही काळ बंद पडले. २०२४ चा आकडा पाहून ज्यांनी माल भरला होता त्यांची काय गत झाली असेल, ते सांगायला नको. पाऊस किती पडेल हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते. पण नवरात्र २२ सप्टेंबरला आहे, त्या वेळी पाऊस असू शकतो आणि सोयाबीन बाजारात आलेले नसेल, एवढे तर दिनदर्शिका विकत घेतली त्याच दिवशी समजत होते.

तिथीचा आणखी एक खेळ पौषात होतो. सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मकर संक्रांतीला असते. संक्रांत सूर्याच्या गणिताने येते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारी सोडत नाही. पौष पौर्णिमा मात्र सरकते. २०२४ मध्ये ती २५ जानेवारीला होती, २०२५ मध्ये १३ जानेवारीला, २०२६ मध्ये ३ जानेवारीला. म्हणजे ज्याच्याकडे एकच पाल, एकच टेम्पो आणि दोनच माणसे आहेत, त्याला २०२५ साली तुळजापूर-मैलारपूर किंवा सोलापूर यांतील एकच निवडावे लागले. २०२६ साली मधे दहा-अकरा दिवस मिळाल्याने दोन्ही ठिकाणी जाणे शक्य होते. हा हिशेब डिसेंबरात बसून मांडायचा आहे, जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही.

हिजरी सनाची गोष्ट याहून निराळी. गुलबर्ग्याला हजरत ख्वाजा बंदानवाज यांचा उर्स जिल्काद महिन्याच्या मध्यावर होतो आणि आपल्याकडचे किती तरी दुकानदार त्यासाठी जातात. २०१० साली तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडला होता, कोजागिरीला लागून. २०२५ साली तोच उर्स मेच्या मध्यास, भर उन्हाळ्यात आला. जो माल, जी वेळ आणि जे गिऱ्हाईक २०१० ला होते ते २०२५ ला कसे असेल? उन्हाळ्यात दुपारी बाजार ओस पडतो आणि रात्री १० नंतर भरतो. शाल पडून राहते, पातळ सुती रुमाल आणि टोपी खपते. धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांच्या उर्सालाही हाच नियम लागू आहे. उर्साची तारीख दर वर्षी सरकत असल्याने 'मागच्या वर्षीप्रमाणे' हे शब्द तिथे फार तर दोन-तीन वर्षे चालतात.

जाता जाता एक सांगतो. जकातीचा हिशेब चांद्र वर्षाने आणि आयकराचा मार्चअखेर, अशा दोन वह्या आपल्याला ठेवाव्याच लागतात. जकातीत दुकानातला विक्रीचा मालही बाजारभावाने धरला जातो. नवरात्रातून उरलेले गठ्ठे रमजानपर्यंत पडून राहिले तर त्यांची जकात निघतेच. दोन वह्यांपैकी एकीत तरी पडून राहिलेला माल स्वच्छ दिसतो, हा त्याचा व्यापारी फायदा म्हणा.

गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

नव्या दुकानदाराला वाटते, लाख माणूस आले तर हजार तरी आपल्याकडे वळतील. आमचा अनुभव उलटा आहे. कोजागिरीला चालत आलेला माणूस थकलेला असतो, पायाला फोड असतात, हातात ओझे नको असते. तो चहा घेतो, केळी घेतो, फार तर एक टॉवेल घेतो. पोलीस बंदोबस्तात ज्या बाजूला कठडे लागतात त्या बाजूच्या दुकानासमोरून गर्दी वाहत जाते, थांबत नाही. उलट शाकंभरीत किंवा साध्या मंगळवारी कुटुंबाने आलेली मंडळी चार दुकाने हिंडतात, भाव करतात आणि घेतात. त्यामुळे आम्ही आमच्या विक्रेत्यांना सांगतो की, कोजागिरीला हलका, स्वस्त, खांद्यावर टाकता येईल असा माल ठेवा. गुळेदगुड्डचे खण आणि इलकल साड्या दसऱ्यापूर्वीच्या दिवसांसाठी आणि शाकंभरीसाठी ठेवा. सोलापूरची चादर वजनदार आहे, ती मोटारीने आलेल्या गिऱ्हाइकासाठी.

मोटारीने येणारा वाढला आहे, हे खरे. पण त्यातही एक मेख आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रस्ता चौपदरी झाला आणि पूर्वी एक मुक्काम करणारा माणूस आता दर्शन घेऊन त्याच दिवशी परततो. मुक्काम गेला की रात्रीचा बाजार गेला, खोलीचे भाडे गेले, सकाळचा नाश्ता गेला. माणसे वाढली पण माणशी खर्च घटला, असा हा प्रकार आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली. रेल्वेने गर्दी वर्षभर सारखी होईल अशी पुष्कळांना आशा आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. रेल्वेने पौर्णिमेची गर्दी आणखी फुगेल. कोरड्या बुधवारी गाडी असली म्हणून कोणी येणार नाही, येण्याचे कारण लागते.

हंगामाचा पैसा कोणाचा?

आता मुख्य मुद्दा, तो आकड्यांनीच सांगतो. समजा, एका लहान दुकानाला महिना ८,००० रु. भाडे, नोकराला ९,००० रु. आणि वीज वगैरे १,००० रु. असा १८,००० रु. खर्च आहे. वर्षाला २,१६,००० रु. झाले. विक्रीवर शेकडा २० नफा सुटतो असे धरले, तर नुसता खर्च भागविण्यासाठी वर्षाला १०,८०,००० रु. विक्री हवी. समजा, यातली निम्मी, म्हणजे ५,४०,००० रु. विक्री हंगामाच्या दोन महिन्यांत होते. त्यावर नफा १,०८,००० रु. दोन महिन्यांचा खर्च ३६,००० रु. वजा करता हातात ७२,००० रु. राहतात. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी हे ७२,००० रु. पाहून माणूस खूष होतो. घराला रंग देतो, मोटारसायकल घेतो, मुलीचे लग्न ठरवितो.

आता उरलेले दहा महिने पाहा. विक्री महिना ५४,००० रु., नफा १०,८०० रु., खर्च १८,००० रु. दर महिन्याला ७,२०० रु. खोट. दहा महिन्यांची खोट बरोबर ७२,००० रु. म्हणजे दुकानदार ज्याला नफा समजत होता तो नफा नव्हताच. पुढच्या दहा महिन्यांचे भाडे आणि नोकराचा पगार त्याच्याकडे आगाऊ जमा झाला होता. या हिशेबात मालकाच्या घरखर्चाचा एक पैसाही धरलेला नाही, हेही लक्षात घ्यावे. मालकाला खायचे असेल तर विक्री १०,८०,००० च्या वर जितकी नेता येईल त्यातूनच. ज्याने कोजागिरीला ते ७२,००० वेगळ्या खात्यात टाकले तो आषाढात उभा राहतो. ज्याने खर्च केले तो आषाढात व्याजाने काढतो. त्याची वाईट सवय किंवा त्याचे नशीब यांना दोष देण्यापूर्वी त्याला हा हिशेब कोणी मांडून दाखविला होता का, हे विचारले पाहिजे.

पडून राहिलेल्या मालाचे गणितही असेच निर्दय आहे. एक लाखाला घेतलेला माल सव्वा लाखाला विकायचा होता, तो विकला गेला नाही आणि पुढच्या नवरात्रापर्यंत राहिला. त्यासाठी शेकडा दरमहा २ रु. दराने पैसे काढले असतील तर वर्षाचे व्याज २४,००० रु. पंचवीस हजारांच्या नफ्यातून एक हजार उरले, आणि तेही माल पुढच्या वर्षी पूर्ण भावाने गेला तर. कापड खव्यासारखे नासत नाही, असे लोक म्हणतात. नासत नाही, पण घडीवर रेघ पडते, रंग जुना होतो, सुरतेहून नवा छाप येतो आणि जुना निम्म्या भावाने काढावा लागतो. व्याजाचा धार्मिक प्रश्न आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. नुसत्या व्यापाराच्या नजरेने पाहिले तरी हंगामी धंद्यात व्याजाचा पैसा पेलत नाही.

म्हणून मालाची उचल हप्त्याने करावी. तीन भाग करावेत: एक घटस्थापनेपूर्वी, दुसरा पाचव्या माळेनंतर विक्री पाहून, तिसरा दसऱ्यानंतर फक्त कोजागिरीचा. सोलापूर तुळजापूरपासून ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. चादर-टॉवेल फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी पोचतो, तो महिनाभर आधी घरात कशाला आणून ठेवायचा? सुरतेचा माल लांबचा, तो आधी घ्यावाच लागतो, पण तोही जांगडने मिळतो का हे विचारावे. उरलेला माल परत घेण्याच्या अटीवर भाव थोडा चढा लागला तरी परवडतो. आम्ही आमच्या पालवाल्यांना निम्मा माल जांगडनेच देतो. परत आलेल्या मालात फाटका-मळका किती, यावरून थोडी कुरकुर होते, पण कोणी बुडत नाही. उधारीबाबत एक नवा नियमही ध्यानात ठेवावा. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या तरतुदीप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाही आणि ते ३१ मार्चला थकलेले असेल, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरला जात नाही. नवरात्राच्या मालाला त्याची झळ बहुधा लागत नाही. लग्नसराईसाठी जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेल्या मालाला लागू शकते. आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

भिशीत असणाऱ्यांनी आपला नंबर श्रावण-भाद्रपदात घ्यावा. पैसा हातात असताना भिशी उचलून तो दिवाळीत घालविण्यापेक्षा माल भरताना रोख देऊन भाव तोडता येतो. हे इतके साधे आहे, तरी दहांतले आठजण दिवाळीचाच नंबर मागतात.

कोरड्या महिन्यांचे काय?

हंगाम आणि आपत्ती यांत फरक करावा. २०२० साली १७ ऑक्टोबरला घटस्थापना झाली तेव्हा कोरोनामुळे राज्यातील धार्मिक स्थळे भाविकांना बंद होती. ती त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, परत खुली झाली. एक पूर्ण नवरात्र गेले. असल्या संकटाला कोणतेही नियोजन पुरत नाही. पण ज्यांचा सर्व धंदा त्या एकाच यात्रेवर होता ते अधिक खोल गेले आणि ज्यांच्याकडे दुसरे काही काम होते ते तरंगले, हे सर्वांनी पाहिले.

दुसरे काम म्हणजे काय? शिलाईच्या कारागिराला जून महिन्यात शाळेचे गणवेश आहेत, त्याची तारीख सरकत नाही. आषाढ-श्रावणात यंत्रे रिकामी असतात. त्या वेळी ओटीच्या पिशव्या, झोळ्या, लहान मुलांचे झबले-टोपरे शिवून ठेवले तर नवरात्रात परगावचा तयार माल घ्यावा लागत नाही आणि शिलाईचा पैसा घरात राहतो. अधिक महिन्यात जावयाला कपडे देण्याची रीत आहे, त्या वर्षी धोतर, शर्ट-पँटचे कापड आणि टॉवेल-टोपी वेगळी खपते. तीन वर्षांतून एकदा येणारी ही संधी अनेकांच्या ध्यानातच राहत नाही.

दुसरी वाट म्हणजे ठिकाण बदलणे. काश्मिरी शालवाले थंडीत आपल्या शहरांत येतात. त्यांच्याकडचा हंगाम थंडावला की ते गिऱ्हाइकाच्या गावी जातात. आपल्या पालवाल्यांनाही हे जमते: अश्विनात तुळजापूर, मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगाव, जानेवारीत सोलापूरचा गड्डा, चैत्रात येरमाळा, आणि मधे जिथे उर्स येईल तिथे. पावसाळ्यात नळदुर्ग आहे. तिथल्या किल्ल्यातील पाणीमहाल आदिलशाही काळातला. बोरी नदीवरच्या त्या बंधाऱ्यावरून पाणी ओसंडले की नर-मादी धबधबे सुरू होतात आणि सोलापूर, लातूरकडची मंडळी रविवारी लोटतात. हा हंगाम नेमका तुळजापूरच्या कोरड्या दिवसांत पडतो. मात्र तो पाण्याचा हंगाम आहे, धबधबा सुरू झाल्याची खात्री करूनच जावे, आणि तिथे साडी विकायला जाऊ नये. रेनकोट, टोपी, टॉवेल, लहान मुलांचा कोरडा कपडा, एवढेच तिथे चालते. भिजलेला माणूस टॉवेलाचा भाव करीत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. आजचे तेर म्हणजे जुने तगर. पेरिप्लस नावाच्या, पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या व्यापारी पुस्तकात तगरहून साधे कापड आणि मलमल गाड्यांत घालून भडोच बंदरात नेत असल्याची नोंद आहे. भडोचला मिसरहून येणारी जहाजे पावसाळी वाऱ्यावर येत, म्हणजे तिकडून जुलैच्या सुमारास निघत. तगरच्या व्यापाऱ्याला वारा केव्हा फिरतो याचा अंदाज घेऊनच गाड्या भरून ठेवाव्या लागत असतील.

तिसरी गोष्ट, कोरड्या दिवशी कोण येते याकडे लक्ष द्यावे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले. त्यानंतर सोमवार, बुधवार अशा साध्या दिवशीही पाच-दहा बायकांचे गट तुळजापुरात दिसू लागले, असे आमच्या पालवाल्यांचे सांगणे आहे. गर्दीच्या दिवशी या बायका येत नाहीत, त्यांना शांतपणे दर्शन आणि शांतपणे खरेदी हवी असते. खण, बांगड्या, लहान मुलांचे कपडे यांचे हे खरे गिऱ्हाईक. पण कोरडा दिवस म्हणून निम्मी दुकाने दुपारी १ ते ४ बंद असतात, आणि नेमकी त्याच वेळी बायका दर्शन करून बाहेर पडतात, कारण संध्याकाळची एसटी गाठायची असते. दुपारी मालकाला घरी जायचे असेल तर जावे, पण दुकानावर कोणाला तरी बसवावे.

ज्यांनी २०२५ च्या नवरात्रातील उरलेला माल अजून गोदामात ठेवला असेल त्यांनी तो 'नवरात्रातच काढू' म्हणून धरून बसू नये. चैत्राच्या यात्रेत रब्बीची ज्वारी निघून गेलेली असते, हातात थोडा पैसा असतो. तिथे खरेदीच्या भावाने सोडला तरी चालेल. शेकडा दोनचा आकडा वर सांगितलाच आहे. आणि पुढच्या घटस्थापनेच्या मालाची पहिली मागणी नोंदविण्यापूर्वी दिनदर्शिकेत दोन ओळी पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात: नवरात्र कोणत्या तारखेला, आणि त्या तारखेला सोयाबीन कुठे असेल, रानात की आडतीवर. २०२७ मध्ये नवरात्र पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीस येते.